कवेलूवरची दाढ

मी एक दाढ बोलतेय. घाबरू नका, मी ठणकत नाही. ज्या तोंडात मी होते ते तोंड माणसाचं की माणसाच्या कुण्या जुन्या भाऊबंदाचं, याचा निकाल अजून लागायचा आहे. माझ्यापुरतं ते तोंड ज्याचं, ते माझं लेकरू होतं.

वैनगंगेच्या गोट्यांत पडून पडून माझा दगड झाला. यंदा मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला गावची कुंता झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, धरत होती, तेव्हा मी तिच्या जाळ्यात आले. ती मला भिरकावणारच होती, पण तिच्या लेकीने, आचलने हात धरला. आचलची एक दाढ तेव्हा हलत होती, त्यामुळे तिने मला बरोबर ओळखलं. गावच्या प्रणित सरांनी माझा फोटो चंद्रपूरला हर्षाबाईंना पाठवला. त्या जुन्या हाडा-दातांच्या अभ्यासक. लहान लेकराची दाढ दिसते, रविवारी येते, तोवर सांभाळा, असा त्यांचा निरोप आला.

पण आचलची आजी कलाबाई अडून बसली. "मेल्या लेकराची दाढ हाये, कुंता. घरात ठेवू नको, नदीले परत दे." रविवारपर्यंत थांबायला ती कशीबशी कबूल झाली, पण पुढे एक दिवसही नाही.

आचलने ते मनाला लावून घेतलं. मला मुठीत धरून हळूच विचारायची, "खरंच मेलं काय वो ते?" मला सगळं ठाऊक होतं, पण दाढेला जीभ कुठली? इतकी वर्षं गप्प राहिले त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या पोरीपुढे मात्र जीव तुटायचा.

रविवारी सकाळी आचलची दाढ पडली. घराकडे पाठ करायची, उंदराला हाक मारायची आणि मागे न बघता दात छपराच्या कवेलूंवर फेकायचा, ही तिथली रीत. आचलच्या एका मुठीत तिची दाढ, दुसऱ्या मुठीत मी. "उंदीरभाऊ, जुनी घे, नवी दे!" म्हणत तिने नेमकी मलाच फेकली!

काय सांगू, मी हरखून गेले. माझ्या लेकराने मला कोणाला न सांगता चिखलात थुंकलं होतं. माझा मान असा युगं उलटल्यावर मिळाला.

हर्षाबाई आल्या तेव्हा आचल रडत होती आणि कुंता शिडीवर चढून कवेलू उचकत होती. दोन कवेलूंच्या खाचेत मी सापडले. घडलेला प्रकार ऐकून हर्षाबाई पोट धरधरून हसल्या. मग त्यांनी भिंग लावलं. माझ्यावरचे ओरखडे बघून म्हणाल्या, लेकरू मातीसकट कंद चावणारं दिसतं. कडेची एक बारीक रेघ दाखवून म्हणाल्या, एकदा चांगलंच आजारी पडलं होतं, पण त्यातून उठलं.

कलाबाईला ते ओरखडे नको होते. "मेलं कशानं, थे सांगा बाई."

हर्षाबाईंनी मला उलटं केलं. "आजी, हिची मुळं पाहा. मुळंच नाईत. खालून नवी दाढ आली, की दुधाच्या दाढेची मुळं विरघळतात अन् ती आपोआप पडते. ही पडली तेव्हा लेकरू जितं होतं."

 मग आचलने विचारलं, "म्हणजे त्याले नवी दाढ आली?"

"येऊनच राह्यली होती. म्हणून तं ही पडली."

कलाबाईने मला तळहातावर घेतलं, पदराने पुसलं आणि बोटं कडाकडा मोडून माझी दृष्ट काढली. मग आचलची दाढ तिच्या हातात देत म्हणाली, "आता आपली फेक. बरोबर पाहून."

हल्ली मी चंद्रपूरला कापसाच्या डबीत असते. दगड झालेली हाडं मरणाच्या गोष्टी सांगतात. मी वाढण्याची सांगते, याचा मला भारी तोरा आहे. तुमच्या घरी दुधाचा दात पडला तर एवढं करा, उंदराला हाक मोठ्याने मारा.

परवा हर्षाबाईंनी फोनवर आलेला फोटो डबीसमोर धरला. आचलने आ वासला होता आणि माझ्याच जागेवर नवी दाढ अर्धी वर आली होती. माझ्या लेकराच्या तोंडात मी अशी दाढ कधी पाहिलीच नव्हती. ती यायच्या आत मला जागा सोडावी लागली होती.