उलटा माग

माझा शिकारी कुत्रा बुर्दों आता थकला. त्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके इतके दाट, की लांबून तो निळा दिसतो. कान नाकाच्याही पुढे पोचतील एवढे लांब, डोळे कायम रडवेले. त्याच्या वाडवडिलांनी आमच्या गॅस्कनी प्रांतातले लांडगे संपवले आणि स्वतःचंच काम घालवून बसले. आता पाठलागाला उरले नुसते ससे.

माझेही गुडघे गेलेत. म्हणून मी आणि शेजारचा ओरेन्स टेकडीवर बसून नुसतं भुंकणं ऐकतो. ससा कुठे पळतोय ते आवाजावरून कळतं.

आज ससा वर जंगलात पळाला आणि बुर्दोंचा आवाज खाली ओढ्याकडे निघाला.

"म्हाताऱ्यानं उलटा माग धरला रे!" ओरेन्स खिदळला. "ससा जिथून आला तिकडेच चाललाय. तरण्या कुत्र्यानं हे केलं असतं, तर तू गोळी घातली असतीस."

"आधी मला घाल," मी म्हणालो आणि कण्हत खाली उतरलो.

सकाळी ससा ज्या खळग्यातून उठला होता, तिथे बुर्दों उभा होता. खळगा गार पडलेला. तरी तो शेपूट हलवत, जीव तोडून भुंकत होता.

"शाब्बास," मी म्हणालो आणि शेजारी बसलो. पुन्हा वर चढायचं बळ दोघांतही नव्हतं.