फुलामागचा हात

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. राहात्याच्या बाजारपेठेत मच्छिंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे फोटो छापायच्या आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर सध्या मला लटकवलं आहे. उंदरांनी माझी खालची किनार खाल्ली आहे. मी अस्सल मखमल आहे, हे आता सांगूनही कोणाला पटायचं नाही.

कुठल्या गिरणीत मला विणलं ते मला आठवत नाही. आठवतं ते नगरच्या कापडबाजारातलं दुकान. दुकानदाराने मला उलगडलं आणि समोरच्या तरुणाने खिशातून एक गुलाब काढून सरळ माझ्यावर ठेवला. दुकानदार बघतच राहिला. तरुण मात्र खूश झाला. तो मच्छिंद्र होता. फूल काळ्यावर कसं उठून दिसतं, एवढंच त्याला बघायचं होतं.

मच्छिंद्र लग्नामुंजींचे फोटो काढून पोट भरायचा, पण त्याचा जीव फुलांत होता. राहात्याच्या आसपास तेव्हा कालव्याच्या पाण्यावर गुलाब, शेवंती, निशिगंधाचे मळे होते. तो सायकलवरून फुलं आणायचा आणि माझ्यापुढे धरून त्यांचे फोटो काढायचा. आता फूल काही आपोआप उभं राहत नाही. म्हणून त्याने एक दिवस कात्री घेतली आणि माझ्या छातीत उभी चीर पाडली. मी कळवळलो. त्याची बायको चांगुणा हिने लगेच सुई-दोरा घेऊन त्या चिरेची किनार इतक्या मायेने शिवली, की माझा राग तिथल्या तिथे गेला.

तेव्हापासून चांगुणा माझ्यामागे उभी राहायची, चिरेतून हात पुढे घालायची आणि फुलाचा देठ धरायची. पुढून दिसायचं ते फक्त फूल. तरी कधी कधी तिची बोटं फिल्मवर यायचीच. मग मच्छिंद्र ब्लेडच्या टोकाने फिल्मवरची तेवढी जागा हलकेच खरवडायचा. छापलेल्या फोटोत तिथे काळंच उमटायचं. लोक म्हणायचे, "काय कमाल हाय! फूल अंधारात आपलं आपण उभं हाय." मच्छिंद्र हसायचा. मीही फुगायचो. देठ कोणी धरलाय, असं कोणी कधी विचारलं नाही.

पण मला माहीत होतं. माझ्या पाठीला तिचा श्वास लागायचा. मित्रांनो, माझी पुढची बाजू सगळ्या राहात्याने पाहिली. मागची बाजू एकट्या चांगुणाची होती.

तिचं एकच मागणं असायचं. "अवं, माझा बी एक फोटो काढा की. आमच्या आईकडं माझा एकबी न्हाई. वरसातनं एकदा भेट हुती, तिला न्यायला व्हईल."

तिची आई गोजरबाई पाथर्डीकडची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ती कारखान्याकडे यायची, तेव्हा वाटेत घटकाभर लेकीला भेटून जायची. तिच्या घरात लेकीची म्हणावी अशी एकही खूण नव्हती.

"काढू की," मच्छिंद्र म्हणायचा. "एवढी फुलं हुऊ दे." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काढायचा होता, पण फुलं कधी संपायचीच नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कालवा कोरडा पडला, मळे वाळले. त्याच वर्षी पुण्याच्या एका छापखान्याने मच्छिंद्रकडे कॅलेंडरसाठी फुलांचे फोटो मागितले होते. सगळे झाले, एक राहिला आणि त्यासाठी एकही फूल मिळेना. स्टुडिओत गिऱ्हाईक फिरकेना. चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिच्या बोटांना घट्टे पडले, नखं फुटली. चिरेच्या किनारीला ती बोटं आता खरखरीत लागायची.

स्टुडिओच्या मागे एका डालड्याच्या डब्यात तिने गुलाब लावला होता. तोंड धुतलेलं पाणीही ती त्याच्या बुडाशी ओतायची. भर उन्हाळ्यात त्याला एक फूल आलं.

त्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि ठसठशीत कुंकू लावलं. कॅमेऱ्यात दोनच फोटो शिल्लक होते. एक फुलाचा, एक चांगुणाचा. मच्छिंद्र स्वतःच तसं म्हणाला होता. तिने माझ्यामागे जाऊन हात पुढे घातला. हात तापला होता. माझ्या मखमलीला चटका बसला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पडद्याला कुठलं तोंड?

खटका दाबला त्याच क्षणी फूल थरथरलं.

"हात का हलवतीस?" मच्छिंद्र चिडला. "वाया गेला ना!"

"जरा कणकण हाय," ती माझ्यामागून म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "माझा ऱ्हाऊ द्या. फुलाचाच घ्या परत. मी कुठं पळून चाललीय?"

तिने दुसऱ्या हाताने आपलंच मनगट घट्ट धरलं. फोटो सुरेख आला. हललेली फिल्म मच्छिंद्रने कापून केरात टाकली आणि चांगल्या फिल्मवरची बोटं नेहमीसारखी खरवडून काढली. तोवर चांगुणाने अंथरूण धरलं होतं. विषमज्वर निघाला. आठवडाही पुरा झाला नाही.

गोजरबाईला सांगावा उशिरा पोचला. ती आली तेव्हा दहावाही होऊन गेला होता. तिला लेकीचं तोंडदेखील पाहायला मिळालं नाही. ती स्टुडिओत आली आणि माझ्यापुढेच जमिनीवर बसली.

"जावईबापू, तुमी फोटूवालं. माझ्या पोरीचा एक तर आसंलच की."

मच्छिंद्रने सगळे डबे उपसले. फिल्मा एकेक करून उजेडात धरल्या. जिथे जिथे तिची बोटं आली होती, तिथे तिथे त्याच्याच ब्लेडचे ओरखडे होते. शेवटी त्याने त्या गुलाबाचा फोटो तिच्या हातात ठेवला.

"हे फूल तिनंच धरलंय. हात तिचा हाय."

"कुठं?"

त्याने देठाखाली बोट ठेवलं.

"हितं तर काळं हाय," गोजरबाई म्हणाली.

"तिथंच हाय ती," मच्छिंद्र म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला. म्हातारी फोटो पदराखाली घेऊन निघून गेली.

पुढच्या हंगामात ऊसतोडीला जाताना ती परत आली. फोटो सोबत होता. गुलाब तसाच होता, पण देठाखालचं काळं झिजून तिथे कागद पांढराफटक पडला होता.

"रोज अंगठ्यानं पुसती," ती म्हणाली. "म्हनलं, वरचं काळं निघंल आन् खाली तिची बोटं दिसतील. नुस्ता कागदच लागला, जावईबापू."

मच्छिंद्रने तोच फोटो नव्याने छापून दिला. तिने पाहिला. देठाखाली पुन्हा काळं. तिने तो टेबलावर ठेवला आणि आपला जुना, झिजलेलाच पदरात गुंडाळून नेला.

त्यानंतर मच्छिंद्रने फुलाचा फोटो काढला नाही. मला या दारावर टांगलं. माझ्या चिरेतून खोलीत उजेड शिरतो, फोटो छापायचे कागद काळे पडतात, गिऱ्हाइकं कुरकुर करून दुसरीकडे जातात. चीर बुजवायला त्याने दोनदा सुई हातात घेतली. तिचे टाके दिसले, की तो सुई खाली ठेवतो.

मित्रांनो, मला धुऊ नका, रफू करू नका, माझ्यासाठी काही करू नका. पण तुमच्या घरातही कोणीतरी मागे उभं राहून फूल धरत असेल. त्या माणसाला आज पुढे बोलवा. माझ्यामागे जी उभी राहायची, तिला पुढे बोलवायचं राहून गेलं. आता माझ्या पाठीला फक्त दाराची चौकट लागते.