भोंगा फक्त मलाच वाजवता येतो

मी बोलतेय, बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यातल्या संगणकात राहणारी जुनी लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हं. माझ्याकडे तयार कामं असतात: टाकीचं तापमान वाचणं, पडद्यावर आकडे दाखवणं. प्रोग्रॅमला जे काम हवं, ते लिंकर नावाचा जोडणारा आम्हा लायब्रऱ्यांकडून घेऊन त्याला जोडून देतो.

दमयंतीताईंनी मला एक्याण्णव साली स्वतःच्या हातानं लिहिलं. पालघरहून यायच्या आणि पर्स ठेवायच्या आधी मला उघडायच्या. टाकी तापली की भोंगा वाजवायचं कामही त्यांनी मलाच शिकवलं. तो भोंगा दातिवऱ्याच्या एका मच्छीमार बोटीवरून उतरवलेला, भारी हट्टी. थांबून थांबून दाबला तरच आवाज काढतो.

मग नवे तापमापक आले आणि त्यांच्यासोबत फ्लॉपीतून ती आली, नवी लायब्ररी. सगळे तिच्याभोवती. ताईसुद्धा जेवताना तिचंच माहितीपुस्तक वाचायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कारखान्याचे मालक प्रतापसाहेब, त्यांचा स्वभाव मात्र काहीच न टाकण्याचा. असू दे जुनी, लागेल कधी, म्हणत त्यांनी मला लिंकरच्या यादीत तिच्या आधीच राहू दिलं. तापमान वाचायच्या कामाचं नाव आम्हा दोघींकडे एकच. लिंकरचा खाक्या असा, की काम आधी जिथे सापडेल तिथून घ्यायचं, पुढे ढुंकूनही बघायचं नाही. त्यानं माझंच घेतलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

चाचणीला टाकीत साधं पाणी होतं. नव्या तापमापकाची भाषा मला येत नव्हती, मी आपले जुन्याच हिशेबानं आकडे दिले. टाकीवरचा कामगार जिवल्या वर आला आणि म्हणाला, "बाय, पानी उकळतंय, तुमचा भोंगा गप हाय."

दुसऱ्या दिवशी टाकीत खरं रसायन पडणार होतं. ताईंचा चेहरा पार उतरला.

कारण सापडल्यावर प्रतापसाहेब म्हणाले, "पुसून टाका ती जुनी."

ताईंनी खरंच पुसलं. पण लिंकर अडून बसला. भोंग्याचं काम त्याला कुठेच सापडेना. त्या शहाणीला आमचा भोंगा कुठला ठाऊक! मग ताईंनी फ्लॉपीवरची माझी प्रत परत आणली आणि मला यादीत तिच्या मागे बसवलं. आता तापमान तिचं, भोंगा माझा. पाणी पुन्हा तापवलं, भोंगा वाजला आणि ताई मटकन खुर्चीत बसल्या.

तेव्हापासून मी तिच्या मागेच आहे. टाकी तापल्याचं तिला आधी कळतं, ओरडायला मला बोलावतात. अजूनही जळते मी तिच्यावर. त्यात हल्ली ताई माझ्यातलं एकेक काम काढून तिला देताहेत.

ताई, सगळं शिकवा तिला. भोंगा तेवढा शिकवू नका.