टोमण्यांचा उपवास

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन थोरली जाऊ चर्चमधून घरी आली आणि तिने नवऱ्याला सांगितलं की, यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात आपण गोड सोडणार नाही, चहा सोडणार नाही, टोमणे सोडणार. नवरा म्हणाला, त्यापेक्षा श्वास सोड, सोपं जाईल. जिभेवर आलेलं उत्तर तिने गिळलं, तेव्हाच हे प्रकरण किती जड जाणार ते तिला कळून चुकलं. वर त्याला ताकीद दिली की कुणाला बोलायचं नाही. उपवासाचा डांगोरा पिटू नये, असं त्याच सकाळी वचनात ऐकलं होतं.

पुढच्या खोलीत दोघी जावांचं शिवणकाम चालायचं. थोरली कापायची, धाकटी शिवायची आणि दोघींची तोंडं मशिनाच्या वरताण चालायची. ही कॉलर माणसाला घालायची की म्हशीला, असं थोरलीने विचारावं; कापड तुम्ही कापलंय, म्हशीचं माप कुणी घेतलं ते तुम्हीच सांगा, असं धाकटीने म्हणावं. गिऱ्हाइकं काम झालं तरी दारात रेंगाळायची.

आता थोरली कॉलर बघायची, "बरी आहे" म्हणायची आणि घडी घालायची. धाकटी आधी हसली. मग तिने मुद्दाम एक बाही उलटी जोडली. थोरलीने ती निमूट उसवून दिली. त्या संध्याकाळी धाकटी वेळेआधीच उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती हातगाडीवाल्याला घेऊनच आली आणि मशिनाचा पट्टा उतरवू लागली.

"मशीन घरी नेते, ताई. तुमचं मन उठलंय माझ्यावरून. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलता."

ने बाई, कॉलरींचा तरी जीव वाचेल, एवढं म्हटलं असतं तर धाकटी हसून खाली बसली असती. वाक्य तयार होतं, दातांपर्यंत आलंही होतं. थोरलीने ओठ घट्ट मिटले. टोमणा नाही, तर मग उरलं काय? जे उरलं होतं ते तिने इतक्या वर्षांत कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

"तुझ्यासारखी कॉलर मला जन्मात जमली नाही," ती कात्रीकडे बघत म्हणाली. "म्हणून तर नावं ठेवायचे."

धाकटीने पट्टा सोडला आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही गं. उपवास आहे. टोमण्यांचा."

"म्हणून गोड बोलताय?"

"उपवासात खोटं कसं बोलू?"

धाकटी स्टुलावर बसली ती बसलीच. डोळे पुसले, नाक पुसलं, ताटकळलेल्या हातगाडीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. मग काहीतरी लक्षात येऊन तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे ईस्टरपर्यंत मी काहीही बोलले तरी तुम्ही उलट बोलणार नाही?"

थोरलीने नाइलाजाने मान हलवली.

"मग बसा," मशिनाचा पट्टा चढवत धाकटी म्हणाली. "तुमच्या कापण्याबद्दल माझ्याकडे बरंच साठलंय."