दुभाष्या नको!

गेली तेवीस वर्षं ओडिल बेल्जियममधल्या एका डचभाषक गावचे उपनगराध्यक्ष होते आणि तेवीस वर्षं एकच गोष्ट ठणकावून सांगत होते: नगरपालिकेत डच बोला, नाहीतर गप्प बसा. फ्रेंच आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तर ते छाती काढून सांगत. आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, ग्रीटने, नवरा पसंत केला तो मुस्क्रोंचा, भाषेच्या सीमेपलीकडचा, फ्रेंच बोलणारा!

नगरपालिकेत लग्नं लावायचं काम उपनगराध्यक्षांचं, म्हणून हे लग्न ओडिल स्वतःच लावणार होते. बायको गेल्यापासून या एका दिवसाची ते वाट बघत होते.

"पपा, दुभाष्या बोलवूया," ग्रीट म्हणाली होती.

"कशापायी? पोरगा दोन वर्सं डच शिकतूय न्हवं?"

"बघा हं. काही बिघडलं तर आम्ही मुस्क्रोंला जाऊन लग्न करू. तिथला अधिकारी लावेल, फ्रेंचमध्ये."

दुसऱ्याच कुणी लग्न लावावं, हे ओडिलना मुळीच नको होतं. पण हट्ट तो हट्टच.

लग्नाच्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत नवऱ्यामुलाची, तिबोची, आजी गिस्लेन काठी टेकून बसली होती. तिबोला तिनेच वाढवलं होतं. ओडिलनी छातीवरचा अधिकाराचा पट्टा सारखा केला आणि प्रश्न विचारला, "काय रं पोरा, हिला बायकू म्हनून पदरात घ्येतूस का न्हाई?"

तिबो घामाघूम झाला. शिकवणीतल्या हॉलंडच्या बाईंनी असलं गावरान काही शिकवलंच नव्हतं. "क्षमा असावी, महोदय. आपला प्रश्न मला उमगला नाही."

ओडिलनी तेच दुप्पट मोठ्याने विचारलं. तिबोने ग्रीटकडे पाहिलं. आजवर सासऱ्या-जावयाच्या मध्ये तीच बोलत आली होती.

"आज मी दुभाष्या नाही," ती म्हणाली, "नवरी आहे."

कारकून बाई कानाशी लागल्या. "साहेब, नवऱ्याला प्रश्न कळल्याशिवाय लग्न लागत नाही. जरा पुस्तकी बोला."

ओडिलनी प्रयत्न केला. दुसऱ्याच शब्दाला गाडी पुन्हा गावात शिरली. डचचा एवढा मोठा कैवारी, आणि त्याचीच डच जावयाला कळेना! तोच प्रश्न फ्रेंचमध्ये जिभेवर तयार होता; सैन्यात शिकलेली ती भाषा त्यांनी आजवर झाकून ठेवली होती. पण या खुर्चीवरून फ्रेंच बोलायला कायद्याचीच बंदी. ग्रीटचे डोळे भरून आले होते. गेली पोर मुस्क्रोंला, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात आजीची काठी आपटली.

"अरे गाढवा," ती फ्रेंचमध्ये कडाडली, "लग्न करतोस का म्हणून विचारतोय तो! तीस वर्षं यांच्या गावातल्या लिननच्या गिरणीत राबले मी, सगळं कळतं मला. हा ढेरपोट्या बोलतोच तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा!"

"ढेरपोट्या कुनाला म्हंतीस गं म्हातारे?" ओडिल गरजले.

सगळ्या माना ओडिलकडे वळल्या.

"पपा," ग्रीट म्हणाली, "तुम्हाला कळलं?"

ओडिल लालेलाल झाले. "कायद्यानं बोलायची बंदी हाय. ऐकायची न्हाई!"

"हो!" तिबो ओरडला. "हो, हो, हो!"

ग्रीट हसत-रडत हो म्हणाली आणि बापानेच पोरीचं लग्न लावलं.

बाहेर पायऱ्यांवर ओडिलनी आजीला हात दिला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच, स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले."

"ऱ्हाऊ दे रं," आजी त्यांच्याच गावरान बोलीत म्हणाली. "पर तुज्या नातवंडाच्या बाप्तिस्म्याला दुभाष्या बोलीव. मला दर खेपंला जमायचं न्हाई."