अंजनाच्या बाजेखालची घंटा

माझ्या भावाचं, बंकटचं लग्न ठरलं आणि करवलीचा मान माझ्या अंजनाला मिळाला. सात वर्षांची पोर. दुसरी कुणी असती तर घरभर नाचली असती. ही भिंतीकडं तोंड करून बसली.

"मी न्हाई जानार. जानवशाला समद्या पोरी एकाच जाजमावर निजत्यात."

तिची ओली वाकळ रोज मीच धुवायचे, मला कळलं.

रात्रीचं पाणी तोडून झालं, अंगारा झाला, सासूबाईंचं दटावणं झालं. राहिले आमचे हे. मेंढरांमागं हिंडणारं माणूस, बोलणं कमीच. एके दिवशी काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ घेऊन बसले, त्यावर पाणी शिंपडून ते कसं फुटतंय ते बघत.

"माती खायचा इचार हाय का, आसाराम?" सासूबाईंनी विचारलं.

"थांब की, आये."

अंजनाच्या बाजेवर त्यांनी नुसतं पातळ धडपं अंथरलं. खालून सुंभाच्या विणीत ढेकूळ अडकवलं. त्यात ओलं असतानाच दोऱ्याची गाठ दाबून वाळवली होती. दोऱ्याला घंटा, घंटेखाली पितळी परात. वरून ओल झिरपली की माती विरघळणार, गाठ सुटणार, घंटा खाली पडणार.

पहिल्याच रात्री पडली. आणि वाडग्यातली झाडून सगळी मेंढरं उठून दाराशी आली. घंटा म्होरक्या बोकडाची होती. ती वाजली की रानात निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. हे अंधारात मेंढरं आवरतायत, सासूबाई हसून हसून खोकतायत, आणि अंजना गाढ झोपेत.

"जिच्यासाटी वाजवली ती सोडून समदी उठली की रं."

दुसऱ्या दिवशी तिथं बैलाची घुंगरं आली. ती वाजली की हे उठायचे, पोरीला उभी करायचे, डोळ्यांना पाणी लावून परसात न्यायचे. परत आल्यावर वाळवून ठेवलेलं दुसरं ढेकूळ तिच्याच हातानं अडकवायला लावायचे. एकदाही ओरडले नाहीत.

"अहो, ती तर झोपेतच चालतीय," मी म्हणाले.

"नवं कोकरू घंटा वळखत न्हाई. रोज संगं न्यावं लागतं."

हळूहळू ती यांच्या आधी उठू लागली. मग धडपं ओंजळीएवढंच भिजायचं. मग सकाळी ढेकूळ जसंच्या तसं मिळायला लागलं.

वऱ्हाड निघताना यांनी हळूच विचारलं, "तितं बी बांधू का?"

"नगं, आबा."

नवरीचं गाव लांब, आमच्या संस्थानाबाहेर इंग्रजी हद्दीत. जानवशाला पोरी जाजमावर ओळीनं निजल्या, कडेला मी. मला कसली झोप. मध्यरात्र उलटल्यावर अंजना उठून बसली, पोरींचे पाय ओलांडत आली आणि माझा खांदा हलवला.

"आये, चल."

बाहेर ओट्यावर हे पांघरूण घेऊन जागेच बसले होते. परत येताना ती त्यांच्यापाशी थांबली.

"तुमी निजा की आता, आबा."