न उघडलेल्या फोनचं परीक्षण

फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या एका मासिकात फोनची परीक्षणं लिहिणारे चौघं होते. पण प्रत्येक अक्षराला वेगळं बटण असलेला फोन आला, की तो कुणी न सांगता तुइरे आलासुवांतोच्या टेबलावर जाऊन बसे. काचेवर बोट फिरवून लिहायचे फोन तेव्हा बाजारात येऊ लागले होते आणि तुइरेला त्यांचा मनापासून तिटकारा होता. तिची आई कायानी गावच्या शाळेत टायपिंग शिकवायची. बटण दबल्याचं बोटाला कळलं नाही तर ते लिहिणंच नव्हे, हे मत तिला आईकडूनच आलेलं. ती एकेक फोन आठवडाभर वापरायची. हातमोजे घालून लिहायची, बसमध्ये उभ्याने लिहायची, डोळे मिटून लिहायची आणि मग चुका मोजत बसायची. वाचकांची पत्रं येत. "तुइरेने चांगला म्हटला म्हणून घेतला," असं एखाद्या पत्रात असलं, की ते पत्र ती खणात जपून ठेवी.

२००९च्या सप्टेंबरात तिने सहा फोनांची तुलना लिहायला घेतली. पाच वापरून झाले. सहावा एका परदेशी कंपनीचा होता, तो यायलाच उशीर झाला. शुक्रवारी दुपारी दोनला खोका टेबलावर आला आणि सोमवारी सकाळी अंक छापायला जायचा होता. चार वाजता तिची मैत्रीण इंकेरी गाडी घेऊन खाली येणार होती. कूसामोला इंकेरीच्या भावाची लाकडी कॉटेज होती. बर्चच्या झाडांची पानं त्याच आठवड्यात पिवळी झाली होती, आणि भाऊ संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून ठेवणार होता. एवढंच कारण. पुढे कितीतरी वेळा तुइरेने याहून मोठं कारण शोधून पाहिलं. आजारपण, घरची अडचण, काहीही चाललं असतं. पण कारण तेवढंच होतं.

खोक्यासोबत कंपनीचं माहितीपत्रक आलं होतं. त्यातल्या फोटोत सगळी बटणं स्पष्ट दिसत होती. खोक्याचं सील न फोडता तिने चाळीस मिनिटांत परीक्षण लिहिलं. चार तारे दिले. 'फिनिश अक्षरं जागच्या जागी आहेत,' असं लिहिलं, कारण फोटोत तसं दिसत होतं. मग लेख कोरडा वाटला म्हणून तिने एक ओळ घातली : 'या फोनवर मी माझ्या मावशीला दोन पानी पत्र लिहिलं. अंगठे दमले नाहीत.' तुइरेला मावशी नव्हती.

इंकेरीने खालून हॉर्न वाजवला. तुइरेने खोका कपाटात टाकला आणि ती गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी खालच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी फोन केला. "तुझ्याकडे एक गृहस्थ आलेत. बोलत नाहीत, पण जातही नाहीत."

तुइरे खाली गेली. सत्तरीकडे झुकलेला एक उंच माणूस टोपी हातात धरून उभा होता. गळ्याला रुमाल बांधलेला आणि रुमालाखालून श्वासाचा बारीक आवाज येत होता. त्याने खिशातून फोन काढला, पाठ ताठ करून दोन्ही अंगठ्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि पडदा तिच्यापुढे धरला.

'आउलिस पिक्कुआहो. एकतीस वर्षं कायानीची बस चालवली. घशाचा कर्करोग, स्वरयंत्र काढलं. आता बोलतो तो यावर. तुझा लेख वाचून घेतला.'

तो तोच सहावा फोन होता.

"या, बसा," तुइरे म्हणाली. तिने त्याला वर नेलं आणि कॉफी दिली. आउलिसने कोटाच्या आतल्या खिशातून मासिकाचं कापलेलं पान काढून टेबलावर नीट पसरलं. मावशीच्या पत्राच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

त्याने लिहिलं, 'तू दोन पानं लिहिलीस. मला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात. ठिपक्यांची अक्षरं सापडत नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय. दाखवशील?'

फिनिश भाषा दोन ठिपक्यांवाचून चालत नाही. 'ए' आणि 'ओ' या अक्षरांवर ते ठिपके नसले की शब्द भलतीकडेच जातो. विकायला आलेल्या फोनवर ती बटणंच नव्हती. फोटोतला फोन वेगळा असावा. खुणांचं बटण दाबायचं, मग येणाऱ्या यादीत बाण हलवत खाली जायचं, अक्षर निवडायचं, परत यायचं, आणि हे दर तिसऱ्या-चौथ्या अक्षराला.

फोन तुइरेच्या हातात होता आणि तो ती पहिल्यांदाच हातात घेत होती. तिने ठिपक्यांची बटणं शोधली. ती नाहीत हे तिला दिसलं, आणि आउलिस तिच्या बोटांकडे शाळेतल्या मुलासारखा लक्ष देऊन बघतोय हेही दिसलं. तेव्हाच सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"हे यादीतून घ्यायचं असतं," ती म्हणाली. "सवयीने होतं. मलाही सुरुवातीला वेळ लागला."

आउलिसने मान डोलावली. मग हसत हसत लिहिलं, 'गेल्या आठवड्यात नर्सला लिहिलं, की काल डॉक्टरांना पाहिलं. ठिपके राहिले. तिने वाचलं की मी डॉक्टरांबरोबर झोपलो. सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवलं तिने.'

त्याचे खांदे हलत होते, पण हसण्याचा आवाज नव्हता. तुइरेही हसली. निघताना त्याने तिच्या टेबलावर कागदात गुंडाळलेले धुरावलेले मासे ठेवले. 'स्वतः धरलेत,' एवढं लिहायला त्याला बराच वेळ लागला, कारण या वेळी त्याने एकही ठिपका सोडला नाही. तिने जे शिकवलं होतं त्याचा तो सराव करत होता.

तो गेल्यावर तुइरेने कपाटातला खोका काढून त्याचं सील फोडलं. संध्याकाळपर्यंत ती त्या फोनवर एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहीत राहिली. भरभर लिहिलं की तो मधलीच अक्षरं गिळत होता. तिसऱ्या ओळीला अंगठे दुखायला लागले. मासे तिने घरी नेले, पण खाववले नाहीत. ते तिने शेजाऱ्यांना दिले, आणि कुठून आणले असं त्यांनी विचारल्यावर बाजारातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती संपादिकेकडे गेली. मार्केत्ता ह्युर्केस वीस वर्षं ते मासिक चालवत होती, आणि तुइरेला नोकरीत घेतलं ते तिनेच.

"सहाव्या फोनबद्दल चुकीचं छापलंय," तुइरे म्हणाली. "ठिपक्यांची बटणं नाहीत त्यावर."

मार्केत्ताने चष्म्यावरून बघितलं. "तू वापरला होतास ना?"

"वापरला होता."

"मग तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"माझ्याकडे आलेला नमुना वेगळा असेल."

"असेल," मार्केत्ता म्हणाली. "तीन ओळींची दुरुस्ती टाकू. छापताना माहिती चुकली, असं लिही. बाकी तुझं नाव आहे, लोक समजून घेतील."

तुइरेने तीन ओळी लिहिल्या. नोव्हेंबरच्या अंकात शेवटच्या पानावर, वर्गणीच्या चौकटीखाली त्या आल्या. आता विषय मिटला असं तिने स्वतःला सांगितलं, आणि चार दिवस तिला ते थोडंफार खरंही वाटलं.

पाचव्या दिवशी आउलिसचा संदेश आला. ठिपके कुठेच नव्हते, त्यामुळे तो तिला दोनदा वाचावा लागला. 'छापखान्याची चूक होती तर. मी मंडळींना म्हटलंच होतं, तुइरे चुकणार नाही. बुधवारी दोन वाजता कार्यासिल्ताच्या चर्चच्या हॉलमध्ये ये. आम्ही घसा गेलेले तिथे कॉफीला जमतो. माझ्या सांगण्यावरून तिघांनी हाच फोन घेतलाय. त्यांनाही थोडं शिकव.'

तिघांनी. तुइरेने फोन उपडा ठेवला. न जाण्याची चार-पाच कारणं तिने मनात तयार केली आणि त्यातलं एक लिहूनही पाहिलं. लिहिलेलं वाचताना तिला स्वतःचीच किळस आली. मावशीची ओळही तिने अशीच सहज लिहिली होती.

बुधवारी ती गेली. ऑफिसच्या कपाटातले सगळी बटणं असलेले चार जुने फोन तिने पिशवीत घेतले होते. हॉलमध्ये एका लांब टेबलाभोवती नऊजण बसले होते. कॉफी होती, वेलदोड्याचा गोड पाव होता. गप्पा जोरात चालल्या होत्या, म्हणजे कुणी पाटीवर लिहीत होतं, कुणी हातवारे करत होतं, कुणी फोन पुढे सरकवत होतं. सुल्वी नावाच्या एका बुटक्या बाईकडे गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र होतं. तिचा आवाज एकसुरी, घरघरता यायचा.

आउलिस उठला. त्याने तुइरेच्या खांद्यावर हात ठेवून तिला सगळ्यांसमोर उभं केलं. मासिकातलं ते कापलेलं पान टेबलाच्या मधोमध, पावाच्या ताटलीशेजारीच होतं.

"हीच का ती," सुल्वीचं यंत्र म्हणालं. "बस, पोरी. माझ्या अंगठ्यांची पार वाट लागलीय. तुझ्या मावशीला सांग, नशीबवान आहेस."

दोघंतिघं खांदे हलवून हसले.

तुइरे बसली नाही. "मला मावशी नाही," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही. तिला घसा खाकरावासा वाटला, आणि या लोकांपुढे तेही करायची लाज वाटली.

"मी पत्र लिहिलं नव्हतं. मी तो फोन वापरलाच नव्हता. खोकाही उघडला नव्हता. कंपनीच्या कागदावरून लिहिलं सगळं. छापखान्याची चूक नाही. आउलिस आले तेव्हाही मी खोटं बोलले. त्यांना म्हटलं सवयीने होतं. तुमचं कुणाचंही काही चुकत नाहीये. तो फोनच तसा आहे."

लिहिणाऱ्यांचे हात थांबले. नऊ जणांचे नऊ श्वास रुमालांखालून ऐकू येत होते.

"का?" सुल्वीने विचारलं. यंत्रातून राग येत नाही, आश्चर्य येत नाही; नुसता शब्द येतो.

"मला सुट्टीवर जायचं होतं. कूसामोला."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

तुइरेने पिशवीतले फोन काढून टेबलावर मांडले. यांवर ठिपक्यांची अक्षरं आहेत, मी यातला प्रत्येक आठवडाभर वापरलाय, असं काहीबाही ती बोलत राहिली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आता तिच्या 'वापरलाय' या शब्दाला इथे काही किंमत नाही.

सुल्वीने एक फोन उचलला, बटणं दाबून पाहिली आणि आपल्याकडे ठेवला. आणखी दोघांनी घेतले. चौथा तुइरेने आउलिसपुढे सरकवला. आउलिसने तो हातही न लावता परत तुइरेकडे ढकलला. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या त्या पानाकडे बघत होता.

"त्याला फोनचं काही नाही," सुल्वी म्हणाली. "महिनाभर हा आम्हाला सांगत होता, शिका, होतं, ती बाई करते तर तुम्हाला काय धाड भरलीय. या शेजारच्या वेइक्कोवर चिडलासुद्धा. आता त्याला आमच्यासमोर बसायचंय. कळलं का?"

"कळलं," तुइरे म्हणाली.

आउलिसने फोन काढला. तो लिहू लागला, आणि तुइरे उभी राहिली. बरंच लिहिलं त्याने. मग एकेक अक्षर करत सगळं पुसलं, फोन खिशात टाकला आणि कॉफीचा थर्मास घेऊन वेइक्कोचा कप भरायला गेला.

त्या संध्याकाळी ऑफिसात परत येऊन तिने मार्केत्ताला सगळं सांगितलं. मार्केत्ताने ओरडाआरडा केला नाही. "वाचकांना फसवलंस ते आपण छापू," ती म्हणाली. "मी तुला तोंडावर विचारलं होतं. त्याचं काय छापू?"

डिसेंबरच्या अंकात अर्ध्या पानाचा मजकूर आला. पहिलं वाक्य होतं, 'मी हा फोन उघडला नव्हता.' तुइरेची परीक्षणं बंद झाली. वाचकांचे प्रश्न निवडण्याचं आणि तक्ते तपासण्याचं काम तिला मिळालं. नोकरी राहिली हेच खूप, असं सगळे म्हणाले. कायानीहून आईचा फोन आला. आईकडे अंक पहिल्या दिवसापासून यायचा आणि ती तो पानन्‌पान वाचायची. त्या दिवशी ती बर्फाबद्दल बोलली, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलली, कमरेच्या दुखण्याबद्दल बोलली आणि ठेवते म्हणाली. त्या अर्ध्या पानाबद्दल एक अक्षर नाही. वाचकांच्या रागाच्या पत्रांनी झालं नव्हतं ते त्या फोनने झालं. तुइरे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडली.

सुल्वीचा अधूनमधून संदेश येई, फोन चांगला चाललाय एवढाच. आउलिसचा कधी आला नाही. तिने दोनदा माफीचं पत्र लिहिलं, कागदावर, हाताने. दोन्ही वेळा ते इतकं नीटनेटकं उतरलं, की तिला स्वतःवरच भरवसा वाटेना. तिने ती पाठवली नाहीत.

एप्रिलमध्ये, नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता तेव्हा, ती बाजारच्या जुन्या हॉलमध्ये मासे घ्यायला गेली. रांगेत तिच्या पुढे दोन माणसं सोडून आउलिस उभा होता. तोच फोन त्याच्या हातात होता. त्याने भरभर लिहिलं, ठिपक्यांसाठी कुठेच न थांबता, आणि पडदा काउंटरवरच्या बाईपुढे धरला. ती बाई डोळे बारीक करून मोठ्याने वाचू लागली, चुकीचे शब्द मुद्दाम चुकीचेच वाचू लागली, आणि रांगेतले लोक हसायला लागले. आउलिसने वाकून आणखी काहीतरी लिहिलं. बाईने तेही वाचलं आणि हसता हसता एक मासा जास्तीचा टाकला.

पिशवी घेऊन तो वळला तेव्हा त्याला तुइरे दिसली. तो थांबला. त्याचा अंगठा बटणांवर गेला आणि तुइरेने नकळत एक पाऊल पुढे टाकलं. मग त्याने फोन खिशात घातला, टोपी जराशी उचलली आणि तिच्या बाजूने निघून गेला.

"काय देऊ?" बाईने विचारलं. तुइरेचा नंबर आला होता. काय घ्यायला आलो ते तिला आठवेना. तिने समोर दिसलं त्याकडे बोट दाखवलं.